जबड्याच्या रुंदीचे शास्त्र : प्रस्तावना

दंतरोपण शिकायला आलेल्या तरुण डॉक्टराच्या हातात पहिल्या दिवशी टायटॅनियमचा स्क्रू दिला जातो. त्याची लांबी, जाडी, आटे, कंपनी यांची चर्चा होते. हा क्रम मला चुकीचा वाटतो. स्क्रू ज्यात बसवायचा ते हाड आधी समजून घ्यायला हवे, आणि हाडाकडे बघताना उंचीच्या आधी रुंदी मोजायला हवी. दात गेल्यावर जबड्याची रुंदी आधी जाते आणि वेगाने जाते. इम्प्लांट अडतो तोही बहुतेक वेळा तिथेच. पुढची प्रकरणे ही रुंदी परत उभी करण्याविषयी आहेत. हाड घडवण्याच्या या कामात पहिल्यांदाच येणाऱ्या वाचकाला वाट सापडावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

मी हे भिवपुरीत बसून लिहितो आहे आणि त्याचा या विषयाशी संबंध आहे. भिवपुरी म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात: घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी खाली आणून १९२२ पासून चालत आलेले टाटांचे वीजघर, आणि पावसाळ्यात गर्दी खेचणारे धबधबे. इथे राहणाऱ्या दंतवैद्याला दिसते ते निराळे. नेरळ आणि कर्जत यांच्यामधल्या भिवपुरी रोड स्टेशनवरून पहाटेची लोकल धरून ठाण्या-मुंबईला कामाला जाणारी माणसे, आवणीच्या दिवसांत डोके वर काढायला फुरसत नसलेले भातशेतकरी, ठाकर-कातकरी वाड्यांवरची कुटुंबे, हे सगळे दात दुखल्यावरच येतात. दाढ ठणकली, काढली, विषय संपला. मधली रिकामी जागा तशीच राहते. मुलगा कमावता झाला, घरात लग्न निघाले, किंवा शेजाऱ्याचे पाहून इच्छा झाली की तोच माणूस आठ-दहा वर्षांनी येऊन म्हणतो, "डॉक्टर, आता तो स्क्रूचा दात बसवून टाका." तोवर जिथे स्क्रू जायचा तिथे सुरीच्या पात्यासारखी कड उरलेली असते.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत रुंदी वाढवण्याचे प्रकरण शेवटाकडे येते, प्रगत विद्यार्थ्यांसाठी. गोथेनबर्ग किंवा बर्नच्या दवाखान्यात ते योग्यच असेल, कारण तिथे दात काढतानाच पुढच्या दाताची योजना ठरलेली असते. कर्जत-खालापूर पट्ट्यात, आणि खरे तर महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांत, दात काढणे आणि दात बसवणे यांच्यामध्ये कितीतरी वर्षे जातात. ही वर्षे आळसाची नसतात. पैसा, हंगाम, मुलांच्या फिया, घरातली आजारपणे या सगळ्यांची ती वर्षे असतात, आणि जबड्याचे हाड त्यांचा हिशेब ठेवते. म्हणून आपल्याकडे हा विषय पहिल्या प्रकरणाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही रुंदी जाते तरी का? दात ज्या हाडात उभा असतो त्याला स्वतंत्र आयुष्य नसते. दात उगवताना ते तयार होते, दात असेपर्यंत टिकते आणि दात गेला की हळूहळू विरघळते. सुश्रुतसंहितेने दातांना 'रुचक' म्हणून हाडांतच गणले. आजचे शरीरशास्त्र दात आणि हाड वेगळे मानते, पण या दोघांच्या आयुष्याची गाठ किती घट्ट आहे हे मात्र आजच्या शास्त्रानेच दाखवून दिले. दाताच्या मुळाला धरून ठेवणारे तंतू हाडाच्या ज्या पातळ थरात रुतलेले असतात, तो थर पूर्णपणे दातावर अवलंबून असतो. वरच्या जबड्यात पुढच्या दातांच्या ओठाकडील भिंतीत बहुतेक ठिकाणी हा थर सोडून दुसरे फारसे काही नसतेच. ह्यून-बा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मोजमाप करून दाखवले की या भिंतींपैकी ८७ टक्के भिंती १ मिमी किंवा त्याहून पातळ असतात. दात गेला की तंतू जातात, त्यांच्यामागून तो थर जातो आणि भिंत आत कोसळते. आराऊजो आणि लिंढे यांनी २००५ मध्ये कुत्र्यांच्या जबड्यावर केलेल्या अभ्यासात ही झीज आठवड्या-आठवड्याने टिपली. ओठाकडची भिंत जिभेकडच्या भिंतीच्या आधी आणि अधिक झिजते, हे त्यात स्पष्ट दिसते.

माणसांतले आकडे डेन्मार्कमधून आले. श्रॉप आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एकेक दाढ काढलेल्या ४६ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. बारा महिन्यांत रुंदी जवळजवळ निम्म्यावर आली, आणि त्यातली सुमारे दोन-तृतीयांश घट पहिल्या तीनच महिन्यांत झाली. या विषयातला एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल, तर हा ठेवावा. "जखम भरू दे, सहा महिन्यांनी बघू" हा आपला नेहमीचा सल्ला दुखणाऱ्या माणसाला धीर देतो खरा, पण हाडाच्या बाजूने पाहिले तर मुख्य नुकसान तोवर होऊन गेलेले असते.

इम्प्लांटला रुंदी किती लागते, हा हिशेब सोपा आहे. नेहमीचा इम्प्लांट सुमारे ४ मिमी जाडीचा असतो. त्याच्या ओठाकडच्या बाजूला दीड-दोन मिमी आणि जिभेकडे किमान १ मिमी हाड हवे. म्हणजे सहा-सात मिमीची कड लागते. त्याहून कमी असेल तर स्क्रू बसतोही, पण त्याच्यावरची पातळ भिंत पुढे झिजते, हिरडी मागे सरते, धातू दिसू लागतो. पहिल्या वर्षी हसतमुखाने गेलेला रुग्ण तिसऱ्या वर्षी हिरडीवर बोट ठेवत परत येतो.

रुंदीच्या या मागणीलाही इतिहास आहे. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायातल्या हाडाचा रक्तपुरवठा पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची उपकरणे हाडातून सुटेनात. यातून ऑसिओइंटिग्रेशनची, म्हणजे टायटॅनियम हाडाशी एकजीव होण्याची, कल्पना निघाली आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाला. मात्र १९८२ च्या टोरांटो परिषदेपर्यंत जगाने ती मनापासून स्वीकारली नव्हती. सुरुवातीचे रुग्ण बहुधा संपूर्ण दात गेलेले आणि कवळीला कंटाळलेले होते. त्यांच्यात स्क्रू जिथे हाड असेल तिथे बसवला जाई आणि वरचे दात त्याच्या सोयीने बनवले जात. पुढे एकेका दाताचे रोपण सुरू झाले, तेव्हा हा क्रम उलटला. दात कुठे हवा हे आधी ठरू लागले आणि हाडाला तिथे यावे लागले. रुंदी वाढवण्याची शाखा या उलटलेल्या क्रमातूनच जन्मली.

मोजमापाविषयी फार लिहीत नाही, कारण ते पुढच्या प्रकरणात सविस्तर आहे. फक्त इतकेच की बोटाने चाचपून ठरवलेली रुंदी फसवते, कारण वर हिरडी जाड असते आणि खाली हाड बारीक. पूर्वी भूल देऊन टोकदार कॅलिपरने हिरडीतून हाडापर्यंत मोजत. आज सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) हेच काम मिलिमीटरच्या दशांशात करतो. नुकसानीचे वर्गीकरण करताना दोन नावे कानावर पडतील. सायबर्टचे १९८३ चे वर्गीकरण पहिल्या वर्गात फक्त रुंदी गेलेली, दुसऱ्यात फक्त उंची गेलेली आणि तिसऱ्यात दोन्ही गेलेल्या कडा ठेवते. कॉवूड आणि हॉवेल यांचे १९८८ चे वर्गीकरण झीज कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगते. सायबर्टच्या पहिल्या वर्गातला रुग्ण हा या शाखेचा सर्वांत आशादायक रुग्ण, कारण गेलेली रुंदी परत मिळवणे गेलेल्या उंचीपेक्षा खूपच सोपे असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. १९८८ मध्ये डालिन, लिंडे, गॉटलो आणि नायमन यांनी उंदरांच्या जबड्यात केलेल्या प्रयोगाने या शाखेला तिचा मूळ सिद्धांत दिला. जबड्यात पोकळी ठेवली की तिच्यात सगळ्याच पेशी धावतात, पण वेग सारखा नसतो. हिरडीच्या आणि त्वचेसारख्या आवरणाच्या पेशी वेगवान, हाडाच्या पेशी संथ. मोकळे सोडले तर संथ पेशींना जागाच मिळत नाही. आपल्याकडच्या भातखाचरात हेच चालते: तण भाताच्या आधी माजते, आणि वेळीच बेणले नाही तर रोपाला खाचर उरत नाही. डालिनच्या चमूने पोकळीवर पडदा टाकून वेगवान पेशींना बाहेर ठेवले, आणि आत हाड भरले. याला मार्गदर्शित अस्थिपुनर्निर्मिती म्हणतात; दवाखान्यात आम्ही सरळ 'जीबीआर' म्हणतो.

तंत्राचे तपशील पुस्तकात आहेत, पण चार अटी इथेच सांगतो. वांग आणि बोयापती यांनी २००६ मध्ये त्या नेमक्या मांडल्या, आणि माझ्या अनुभवात प्रत्येक फसलेल्या केसमध्ये यांपैकी एखादी अट मोडलेली असते. हिरडी वरून पूर्ण आणि ताण न देता मिटली पाहिजे. जुन्या हाडातून रक्तवाहिन्या आत येऊ शकल्या पाहिजेत, म्हणून कठीण कवचाला बारीक छिद्रे पाडतात. पडद्याखाली जागा टिकली पाहिजे. आणि भरलेले सामान हलता कामा नये. यांतली पहिली अट सर्वांत कठीण. हाड रुंदावल्यावर तीच हिरडी पुन्हा मिटवायची म्हणजे आतल्या बाजूचे आवरण हलक्या हाताने कापून तिला लांबी द्यावी लागते. तरुण डॉक्टर हाडाच्या पावडरीच्या निवडीवर तासन्‌तास बोलतात आणि टाक्यांवर पाच मिनिटे. प्रत्यक्षात यश ठरवतात ते टाके. मग चार ते नऊ महिने थांबायचे. तेवढ्यात साधारण तीन ते पाच मिमी रुंदी मिळते, आणि सायबर्टच्या पहिल्या वर्गाला बहुधा तेवढीच लागते.

यापुढचा प्रश्न, "हे हाड येते कुठून?", आपल्याकडचा रुग्ण विचारतोच, आणि विचारायलाच हवा. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी हाडाची पावडर गाईच्या हाडापासून बनते, सगळा जैविक भाग काढून टाकून फक्त खनिज सांगाडा ठेवलेली. शाकाहारी कुटुंबातला माणूस, गळ्यात माळ असलेला वारकरी, जैन गृहिणी यांना हे न सांगता ती वापरणे हा माझ्या मते गैरव्यवहार आहे, मग पावडर कितीही उत्तम असो. पर्याय आहेत. रुग्णाचे स्वतःचे हाड, हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागून काढलेले, अजूनही सर्वश्रेष्ठ मानले जाते, कारण त्यात जिवंत पेशी असतात. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट आहेत. आणि महाराष्ट्रातल्या डॉक्टराला विशेष जवळचा पर्याय म्हणजे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक. १९८८ मध्ये सुरू झालेली ही बँक दान मिळालेल्या मानवी हाडावर प्रक्रिया करून, ते गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देते. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांसाठी गर्भाभोवतीचा पातळ पडदाही तिथेच तयार होतो. वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचे काम मुंबईत ट्रॉम्बेच्या आयसोमेड प्रकल्पाने १९७४ पासून केले आहे. म्हणजे अणुविज्ञान, कर्करोग रुग्णालय आणि दातांची शाखा यांची सांगड आपल्याच शहरात पडली, आणि हे किती दंतविद्यार्थ्यांना सांगितले जाते?

मानवी हाडाच्या चूर्णामागे आणखी एक मोठे नाव आहे. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले की खनिज काढून घेतलेले हाड स्नायूत ठेवले तरी तिथे नवे हाड तयार होते, कारण त्यात पेशींना हाकारणारी प्रथिने असतात. ब्रोनेमार्कचा पहिला रुग्णही त्याच वर्षीचा. आजची ही शाखा या दोन धाग्यांनी विणलेली आहे.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. हाडाचा आख्खा तुकडा स्क्रूने बसवणे ही ब्लॉक ग्राफ्टची पद्धत. हाड खूपच कमी असेल तेव्हा ती उपयोगी पडते, पण हनुवटीतून तुकडा घेतल्यावर खालचे पुढचे दात काही काळ बधिर वाटू शकतात, हे रुग्णाला आधी सांगावे. कड मधोमध चिरून दोन्ही भिंती हळूहळू फाकवण्याची पद्धतही आहे. तिला निदान ३ मिमी रुंदी आणि दोन भिंतींच्या मध्ये मऊ हाड लागते. वरच्या जबड्यात ती चांगली साधते. खालच्या जबड्यात हाड कडक असल्याने बाहेरची भिंत मोडण्याचा धोका खरा आहे.

या सगळ्याच्या आधी रुग्णाचे तोंड नीट पाहावे लागते, आणि इथे आपला पट्टा आपले प्रश्न घेऊन येतो. मशेरी लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असे वाटतच नाही. ती दात घासते आहे, असे ती सांगते. हिरडीवर दिवसातून चार वेळा चोळली जाणारी ती तंबाखू पडद्यावरच्या टाक्यांवरही चोळली जाते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी बंद झालेली नाही, आणि सुपारीने कडक झालेल्या गालांमुळे तोंड दोन बोटेही उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणार कसे? मधुमेह ताब्यात नसेल तर हाड घडण्याचा वेग मंदावतो. ठिसूळ हाडांसाठी किंवा कर्करोगात दिल्या जाणाऱ्या काही इंजेक्शनांमुळे जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे २००३ पासून माहीत आहे. म्हणून "कुठली इंजेक्शने चालू आहेत?" हा प्रश्न न विचारता भूल देऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. कातकरी कुटुंबे भात कापून झाल्यावर वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या उपचाराला टाके काढायला दहाव्या-चौदाव्या दिवशी, पडदा पाहायला महिन्याने आणि इम्प्लांटला सहा महिन्यांनी यावे लागते, तो उपचार या पंचांगाला धरूनच आखावा लागतो. ऑक्टोबरात पडदा टाकून रुग्णाला "दर महिन्याला या" असे सांगणे म्हणजे त्याला अपयशाकडे पाठवणे होय. हाडाचे वेळापत्रक आपण बदलू शकत नाही, पण सुरुवात कधी करायची हे आपल्या हातात आहे. आणि अनेकदा योग्य उत्तर असे असते की हाड वाढवूच नये. शेजारच्या दातांवर आधारलेला ब्रिज, नीट बनवलेली काढता-घालता येणारी कवळी, किंवा उरलेल्या हाडात बसेल असा बारीक इम्प्लांट हे कमीपणाचे उपचार नाहीत. चावता येणे आणि हसता येणे हे ध्येय आहे. रुंदी हे साधन आहे.

मला सर्वांत जास्त कळकळ वाटते ती मात्र दात काढण्याच्या त्या दिवसाविषयी. दाढ काढताना मूळ वेगवेगळे करून, गालाकडची भिंत न मोडता, घाई न करता ती बाहेर काढली, गरज असेल तिथे खड्डा हाडाच्या चूर्णाने भरून झाकला, तर पुढच्या दहा वर्षांतली बरीचशी शस्त्रक्रिया वाचते. यामुळे झीज पूर्ण थांबत नाही, पण ती निश्चित कमी होते. हे काम कोण करतो? शहरातला इम्प्लांटतज्ज्ञ नव्हे. कर्जतच्या, खोपोलीच्या, नेरळच्या छोट्या दवाखान्यात दिवसाला कितीतरी दाढा काढणारा साधा दंतवैद्य ते करतो. या शाखेचा पहिला कारागीर तोच आहे, आणि हे पुस्तक आधी त्याच्यासाठी आहे.

विद्यार्थ्यांना एक सूचना. या कामाचे धडे हातांनी घ्यावे लागतात. १९३३ पासूनचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय असो की सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय, दोन्ही भिवपुरीहून एका लोकलच्या अंतरावर आहेत. तिथल्या विभागांत उभे राहून चांगल्या हातांनी शस्त्रक्रिया करताना पाहा. कुठल्याही कंपनीच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा ते अधिक शिकवेल.

शेवटी या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाकडे एक मागणे आहे. पुढच्या वेळी एखाद्या रुग्णाचा दात काढाल तेव्हा त्याच्या कागदावर दोन ओळी लिहा: ओठाकडची भिंत शाबूत राहिली की मोडली, आणि दात काढल्याची तारीख. मग त्याला सांगा की दात बसवायचा विचार आज नसला तरी तीन महिन्यांच्या आत एकदा दाखवून जा.